सीमा ओलांडली आणि नेट गेलं

डिसेंबरात आम्ही दोघं म्युनिकहून रेल्वेने झ्युरिकला निघालो. बाहेर सगळं पांढरंशुभ्र. जर्मनीत घेतलेलं सिम ऑस्ट्रियातल्या ब्रेगेंझलाही मस्त चाललं, जादा पैसा नाही. ऱ्हाइन ओलांडून स्वित्झर्लंडात शिरलो आणि नेट गायब! लेक स्टेशनात नेमकी कुठे थांबणार, ते विचारायचं राहिलेलं. हिचा चेहरा उतरला. शेवटी समोरच्या मुलीने हॉटस्पॉट दिला, तेव्हा जीव भांड्यात पडला.

नंतर कारण कळलं. १५ जून २०१७ पासून युरोपियन युनियनने आपसातल्या रोमिंगचा जादा आकार कायद्यानेच बंद केलाय. स्वित्झर्लंड युनियनमध्ये नाही. आमच्या पॅकमध्येही नव्हतं. म्हणजे बघा, ती स्वस्ताई काही कंपन्यांची मेहेरबानी नव्हती. कायदा होता म्हणून होती. जिथे कायदा संपला, तिथे आमचं नेट संपलं.

हिवाळ्यात जाणाऱ्यांनो, सिम घेतानाच देशांची यादी वाचा. नकाशा आधीच डाउनलोड करा. फोन आतल्या खिशात ठेवा, गारठ्यात बॅटरी भराभर उतरते. आणि भेटायची जागा कागदावर लिहून घ्या. कागदाला रोमिंग लागत नाही!