आपापला टॉवेल आणावा

अमेरिकेत मुलाकडे गेल्यावर आईबापांनी काय करावं, याच्या प्रथा आता ठरून गेल्या आहेत. नायगारा पाहावा, स्वातंत्र्यदेवीच्या पुतळ्यापुढे उभं राहून फोटो काढून घ्यावा आणि परत आल्यावर 'तिकडे धूळ म्हणून नाही हो' असं सोसायटीतल्या प्रत्येकाला जिन्यात गाठून सांगावं. मी हे तिन्ही केलं. चौथी एक गोष्ट केली, ती जिन्यात सांगण्यासारखी नाही, म्हणून इथे छापतो आहे.

आमचे चिरंजीव न्यू जर्सीत एडिसनला असतात. त्यांच्या शेजारी एक निवृत्त गणिताचे मास्तर राहतात. उन्हाळ्यात दर शनिवारी नवराबायको छत्री, घडीच्या खुर्च्या आणि बर्फाची पेटी गाडीत टाकून समुद्रावर जातात. एकदा कुंपणावरून गप्पा मारताना त्यांनी आम्हालाही बोलावलं. मी भिडेखातर 'हो' म्हणून बसलो. मग ते शांतपणे म्हणाले, "आम्ही गनिसन बीचवर जातो. तिथे कपडे ऐच्छिक आहेत."

ऐच्छिक हा शब्द मी त्याआधी फक्त मॅट्रिकच्या विषयांबाबत ऐकला होता.

हिला सांगावं, म्हणजे ही कानांवर हात ठेवील आणि आपली परस्पर सुटका होईल, असा माझा हिशेब. ही कोथिंबीर निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "समुद्र आहे ना? मग जाऊ या की. आपल्याला कुठे कोण काढा म्हणतंय?"

आता माझी अडचण सांगतो. तुम्हाला वाटेल तशी ती नव्हती. चोविसाव्या वर्षी माझ्या पाठीवर एक पांढरा ठिपका उमटला. मग त्याचे भाऊबंद आले, आणि पाचसहा वर्षांत पाठीवर, पोटावर अख्खा नकाशा तयार झाला. कोड. दुखत नाही, कुणाला लागत नाही. कातडीला रंग देणाऱ्या पेशी तेवढ्या जागेपुरत्या नाहीशा होतात, एवढंच. पण हे आमच्या आत्याबाईंना कोण सांगणार? त्यांनी माझा तांब्या वेगळा केला. तेव्हापासून मी बाह्यांचा बनियन घालतो आणि तो चारचौघांत उतरवत नाही. मुलाच्या मुंजीत ऐन मे महिन्यात 'मला सर्दी झाली आहे' म्हणून बनियनवरून उपरणं घेऊन बसलो होतो. गोकर्णाला सगळी मंडळी उघड्या अंगानं महाबळेश्वराला भेटायला आत गेली, तेव्हा मी बाहेर चपला सांभाळल्या. त्यात डॉक्टरांनी सांगितलं होतं की रंगच नसल्यामुळे डागांवरची कातडी उन्हात सगळ्यांत आधी भाजते. म्हणजे माझ्या भित्रेपणाला वैद्यकीय सर्टिफिकेटही होतं.

शनिवारी निघण्यापूर्वी मास्तरांनी आम्हाला पोर्चमध्ये बसवून रीतसर तास घेतला. पहिला नियम टॉवेलचा. खुर्ची असो, बाक असो, खाली आपला टॉवेल अंथरल्याशिवाय बूड टेकायचं नाही. हे सोवळं मला फार पटलं. आमच्या आजीच्या पाटावर दुसरं कुणी बसलेलं तिला खपत नसे. ती तिथे सुखानं नांदली असती. कॅमेरा आणि मोबाइल पिशवीत. एवढी वाळू मोकळी असताना कुणाला खेटून चादर पसरू नये. अनोळखी माणसाला 'पाठीला क्रीम लावून देऊ का' असं विचारू नये. बोलताना तोंडाकडे पाहावं. "आणि काळा चश्मा लावला की आपली नजर कळत नाही, असं समजू नका," मास्तर म्हणाले, "मान कळते." परतताना वाळू संपली की कपडे अंगावर चढवायचे.

क्रीमचा धडा लांबला, कारण त्यात आकडे होते. एस. पी. एफ. ३० म्हणजे कातडी भाजणारे सुमारे ९७ टक्के किरण अडतात; ५० घेतलं तर सुमारे ९८. म्हणजे महागड्या बाटलीनं वाढला तो एक टक्का. खरी गोम आहे ती किती लावता यात. सगळ्या अंगाला मिळून सुमारे ३० मिली, म्हणजे दोन मोठे चमचे भरून. (ही खोबरेल तेलसुद्धा करंगळीच्या टोकावर घेते.) उन्हात जाण्याआधी पंधरा मिनिटं लावायचं, दर दोन तासांनी पुन्हा, पाण्यातून बाहेर आलं की पुन्हा. ढग आले म्हणून सवलत नाही. तिथे उन्हाळ्यात घड्याळं तासभर पुढे केलेली असतात, त्यामुळे सूर्य माथ्यावर येतो तो एकच्या सुमाराला. आपली सावली आपल्याहून आखूड दिसली की छत्रीखाली पळायचं. नाकाला लावायचा पांढरा लेप दाखवला, तो जस्ताच्या भस्माचा. आपले वैद्य यशदभस्म म्हणून मधातून चाटवतात, तेच. आणि ज्या जागांनी जन्मात ऊन पाहिलेलं नाही, त्यांची काळजी सर्वांत जास्त. चेहऱ्याला उन्हाची सवय असते, बैठकीला नसते. पहिल्या दिवशी तिच्याकडे दुर्लक्ष करणारा नवखा माणूस पुढचे चार दिवस उभ्यानं जेवतो.

सँडी हुक ही समुद्रात घुसलेली वाळूची लांबट जीभ. तिच्यावरचा हा किनारा राज्य सरकारचा नाही, केंद्राच्या राष्ट्रीय उद्यान खात्याचा. म्हणून इतर किनाऱ्यांवर जे चालत नाही ते इथे चालतं. १९७४ सालापर्यंत इथे लष्कराचा तळ होता, आणि त्या वेळच्या तोफा अजून जवळच उभ्या आहेत. शत्रूपासून जिथे सगळं लपवायचं, तिथे आता कुणी काहीच लपवत नाही.

इथून पुढे विवस्त्र माणसं भेटण्याची शक्यता आहे, अशा अर्थाची पाटी आली. मी बनियनची बाही शर्टात नीट खोचली आणि पुढे झालो.

मदनाचे पुतळे आणि अप्सरा दिसतील असं कुणाला वाटत असेल, तर सकाळी सारसबागेत फिरणारं पेन्शनर मंडळ डोळ्यांपुढे आणावं आणि त्याचे कपडे काढावेत. सुटलेली पोटं. बायपासचे उभे टाके. एका बाईंचा एक स्तन शस्त्रक्रियेत गेलेला; तिथला व्रण तसाच उघडा ठेवून त्या शब्दकोडं सोडवत होत्या. आमचे मास्तर टॉवेलवर बसून सँडविच खात होते आणि व्याजदरांवर बोलत होते. मी इतका वेळ त्यांच्या तोंडाकडे पाहिलं की त्यांच्या भुवया मला पाठ झाल्या.

आणि मला हणजुणं आठवलं. १९७८ साली कचेरीची सहल गोव्याला गेली होती. उघडं पडणं तिथल्या कायद्यात तेव्हाही बसत नव्हतं, आजही बसत नाही. पण हिप्पी लोक कायदा वाचत नसत. आम्ही बावीस जण बूटमोज्यांनिशी वाळूत उभे, आणि एका दुर्बिणीवर पाळी लावलेली. लांब केसांच्या एका पोरीनं आमच्याकडे पाहिलं, अंगाभोवती टॉवेल गुंडाळला आणि ती निघून गेली. आम्ही खदखदून हसलो. सर्वांत मोठ्यानं मी. माझ्या पाठीवर तेव्हा शर्ट होता.

साडेअकराला ऊन चढलं. ही पंजाबी ड्रेसवर सुनेची हॅट घालून छत्रीखाली बसली होती. हळूच म्हणाली, "अहो, काढा की ते. घामानं भिजलात."

"लोक बघतील."

"कोण बघणार? इथे बघायचं नाही असा नियमच आहे ना?"

मी शर्ट काढला. मग बनियन. (हाफपँट राहिली. ती राहणारच होती.) पंचेचाळीसेक वर्षांनी पाठीला चारचौघांत वारा लागला. मी श्वास रोखून वाट पाहिली. कोडंवाल्या बाईंनी पान उलटलं. मास्तर म्हणाले, "पाठीला क्रीम लावून घ्या," आणि पुन्हा व्याजदरांकडे वळले. खोटं कशाला बोलू, मला थोडा रागच आला. एवढं वर्षानुवर्षं जपलेलं गुपित, आणि कुणी मानसुद्धा वळवू नये?

हिनं बाटली घेतली. पाठ मी स्वतः कधी पाहिलेली नाही, पण हिला तो नकाशा तोंडपाठ. कुठे थांबायचं, कुठे वळायचं, न चुकता बोट फिरत होतं. समोर पाण्यापलीकडे मॅनहॅटनच्या इमारती धुरकट दिसत होत्या. बराच वेळ आम्ही दोघं काही बोललो नाही.

संध्याकाळी वाळू ओलांडून गाडीपाशी आलो, तेव्हा मागून ही ओरडली, "अहो, शर्ट!" तो तिच्याच हातात होता. वाळू संपल्यावर कपडे चढवायचे, हा एक नियम माझ्याकडून मोडला.

रात्री आरशासमोर उभा राहिलो तर पोटावरचा नकाशा सकाळपेक्षा दुप्पट ठळक. काटकसरी बाईनं क्रीम फक्त डागांना लावलं होतं! डाग अगदी सुरक्षित, पण बाकीचं अंग उन्हानं काळवंडून गेलेलं, त्यामुळे पांढरं ते आणखी पांढरं दिसत होतं. भोवतालच्या कातडीलाही लावायचं असतं, हे मास्तरांनी सांगितलं नव्हतं. त्यांना तरी काय कल्पना?

मी हिला हाक मारली. हिनं चश्मा लावून पुढून, मागून नीट पाहणी केली.

"मग पुढच्या शनिवारी," ही म्हणाली, "मोठी बाटली घेऊ."