जाड तार

स्मरणिकेसाठी एखादी आठवण लिहून पाठवावी, असे शाळेचे पत्र आले, तेव्हा मी अंगणात बसून गिटारच्या तारा बदलीत होतो. इलेक्ट्रिक गिटार आणि आपली शाळा यांचा संबंध काय, असा प्रश्न वाचकांना पडेल. आमच्या वेळी शाळेत एक हार्मोनियम, एक तबलाजोडी आणि चार खंजिऱ्या एवढाच वाद्यसंभार होता. गिटार आम्ही केवळ चित्रपटात पाहिलेली. तरीही त्या दिवशी माझ्या हाताखाली जे घडत होते, त्याचा पहिला धडा मला शाळेच्या प्रार्थनेतच मिळाला होता.

माझे घर गुरुकुंज मोझरीचे. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी १९३५ साली येथे आश्रम स्थापन केला, आणि सायंकाळच्या सामुदायिक प्रार्थनेचे सूर हा आमच्या गावाच्या दिनक्रमाचाच भाग झाला. १९६८ साली महाराज गेले, तेव्हा माझे वडील सतरा-अठरा वर्षांचे होते. महाराजांची खंजिरी प्रत्यक्ष ऐकल्याचे ते आजही अभिमानाने सांगतात. पुढे वामनदादा कर्डकांच्या गीतांनी त्यांना ओढून घेतले. गावची भजने आणि बाबासाहेबांची गीते ही दोन्ही त्यांच्या गळ्यात एकत्र नांदली. दिवसा शेतमजुरी आणि रात्री गाणे, असे त्यांचे आयुष्य. आमच्या घरात पुस्तके येण्याच्या आधी खंजिरी आणि एकतारी होती.

नोकरी लागल्यावर मी एक जुनी इलेक्ट्रिक गिटार विकत घेतली आणि गावातील भीमगीतांच्या संचात वाजवू लागलो. बाबा गाऊ लागले की मी एक युक्ती करीत असे. गिटारची सर्वांत जाड तार मोकळी ठेवून तिला एकतारीसारखी छेडत राहायचे आणि उरलेल्या तारांवर चाल वाजवायची. ही तार जगभर ज्या स्वरात लावतात, तो हार्मोनियमवरचा पांढरी तीन. बाबांचा षड्जही पांढरी तीनच. त्यामुळे पंधरा वर्षे गिटारच्या खुंट्यांना हात लावण्याची वेळ आली नाही. बाप आणि वाद्य एकाच पट्टीत आहेत, याचा मला मोठा आनंद वाटे.

आई गेली, त्यानंतरच्या जयंतीची गोष्ट. १४ एप्रिलच्या रात्री मंडपात गर्दी होती. बाबा उभे राहिले. मुखडा नीट झाला. पण अंतऱ्यात वरच्या षड्जाकडे जाताना त्यांचा आवाज फाटला. त्यांनी पुन्हा प्रयत्न केला. पुन्हा फाटला. मागे पोरे हसली. बाबांनी खंजिरी खाली ठेवली आणि ते मंडपाच्या कडेला जाऊन बसले. मी मात्र गिटार वाजवीत राहिलो, त्याच पट्टीत, आणि गाणे दुसऱ्याने पूर्ण केले. घरी आल्यावर त्यांनी खंजिरी खुंटीला अडकवली. "आता मह्यानं होत नाही," एवढेच म्हणाले.

चार महिने घरात गाणे नव्हते. त्या काळात एक गोष्ट मला हळूहळू उमगली. बाबांचा आवाज संपला नव्हता, तो खाली उतरला होता. पहाटे अंगण झाडताना ते गुणगुणत, आणि ती गुणगुण पांढरी दोनमध्ये असे. वयाने त्यांना एक पूर्ण सूर खाली आणले होते. मी मात्र जुन्या पट्टीला धरून बसलो होतो. गिटारवर कोणत्याही पट्टीत वाजवता येते, हे खरे. पण एकतारीसारखी छेडायची मोकळी तार जुन्याच जागी राहिली, तर गाणाऱ्याच्या षड्जाशी ती भांडत राहते. 'कॅपो' नावाचा चिमटा लावून गिटारची पट्टी वर नेता येते, खाली आणता येत नाही. खाली यायचे तर तारच उतरवावी लागते.

म्हणून मी सहाही खुंट्या सैल करून गिटार पांढरी दोनमध्ये आणली. स्वर बरोबर लागले, पण वाद्य बिघडले. तारा लोंबू लागल्या, पडद्यांवर आपटून खरखरू लागल्या; जरा जोराने छेडले की स्वर आधी चढे आणि मग जागेवर येई. बाबा ओसरीवरून ऐकत होते. म्हणाले, "ढिल्या बाजेवानी वाजते हे. कायले मह्यासाठी तिले बिघडवतं?"

त्या शब्दांनी मला बोचले. त्यांच्यासाठी खाली येणे म्हणजे बिघडणे, असा अर्थ त्यांनी घेतला होता, आणि माझी गिटार त्या अर्थाला दुजोरा देत होती.

उपाय होता तारेच्या जाडीत. माझ्या गिटारवर 'नऊचा' संच होता. म्हणजे त्यातील सर्वांत बारीक तार इंचाच्या हजार भागांपैकी नऊ भाग जाडीची. पुढचा संच दहाचा, त्यापुढचा अकराचा. हा फरक डोळ्यांना जवळजवळ दिसत नाही, पण बोटांना तात्काळ कळतो. लांबी आणि स्वर तेच ठेवले, तर साध्या पोलादी तारेला लागणारा ताण जाडीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. नऊची पहिली तार नेहमीच्या स्वरात सुमारे सहा किलो वजनाइतकी ओढ धरते, दहाची सुमारे साडेसात, अकराची जवळजवळ नऊ. सहाही तारांची ओढ एकत्र केली, तर ती लाकडाची बारीक मान अर्ध्या पोत्याचा भार अहोरात्र पेलत असते.

मी उत्साहाच्या भरात अमरावतीहून एकदम अकराचा संच आणला. जाड हवी ना, मग घ्या जाड! तारा चढवल्या आणि मागच्या स्प्रिंगा ताणल्या जाऊन ब्रिज पुढे झुकला. मान किंचित वाकली, तारा पडद्यांपासून उंच गेल्या. मींड घ्यायला गेलो, तर बोटांची टोके सोलवटली. आठ दिवस हट्टाने वाजवले. बाबा माझ्या बोटांकडे पाहून म्हणाले, "येवढं तानू नोको बाप्पा. तार तरी तुटन, नाही त तू."

मग कागद-पेन्सिल घेऊन बसलो. स्वर एक सुराने उतरवला की ताण सुमारे एक पंचमांश कमी होतो. नऊऐवजी दहाची तार घेतली की तो जवळजवळ तेवढाच वाढतो. म्हणजे पांढरी दोनमध्ये लावलेली दहाची तार पांढरी तीनमधल्या नऊच्या तारेइतकीच ताठ राहते! दहाचा संच आणला. ब्रिज सपाट बसला, मान सरळ राहिली. खुंट्यांजवळच्या खाचा मात्र बारीक तारेच्या मापाच्या होत्या. त्यांत जाड तार अडके आणि सूर लावताना टणकन उडी मारी. त्या खाचा बारीक कानशीने हलकेच रुंद केल्या, पेन्सिलीचे शिसे घासले. ब्रिजवरच्या घोड्या किंचित मागे सरकवल्या, म्हणजे वरच्या पडद्यांवरही स्वर खरे बोलू लागले. तारेत धातू अधिक, म्हणून पिकअपमधून आवाजही भरदार येऊ लागला. पिकअप थोडे खाली घ्यावे लागले.

मोठमोठ्या वादकांनाही ही तडजोड चुकलेली नाही. अमेरिकेचे स्टीव्ही रे वॉन तेराच्या, म्हणजे फारच जाड तारा वापरीत. पण गिटार अर्ध्या सुराने उतरवीत. बर्मिंगहॅमच्या टोनी आयोमी यांच्या दोन बोटांची टोके तरुणपणी कारखान्यातील अपघातात गेली. त्यांनी तारा बारीक घेतल्या आणि पुढे पट्टीही उतरवली. एकाला तारेचे वजन हवे होते, दुसऱ्याला बोटांवरचा भार कमी हवा होता. दोघांनीही माणसाच्या मापाने वाद्य लावले.

आता शाळेकडे येतो. नववीत असताना माझ्यासह आठ-दहा मुलांचे आवाज एकदम फुटले. सकाळच्या वंदनेत आमचा सूर लागेना. आम्ही ओठ हलवून उभे राहू लागलो. आमच्या संगीताच्या सरांनी ते ओळखले. त्यांनी आम्हाला मागच्या रांगेत घेतले आणि खालच्या सप्तकात म्हणायला लावले. मात्र एक अट घातली. स्वर खाली आणा, पण छाती ढिली सोडू नका. खाली म्हणायचे म्हणजे पुटपुटायचे नाही. खालच्या स्वराला अधिक श्वास लागतो. त्या वर्षी वंदनेला जो भरीवपणा आला, तो त्या वेळच्या माझ्या सोबत्यांना आठवत असेल.

त्याच सरांनी आम्हाला अंगुत्तर निकायातील सोण भिक्खूची कथा सांगितली होती. गृहस्थपणी सोण उत्तम वीणा वाजवीत असे. साधनेत अतिरेक करून तो निराश झाला, तेव्हा भगवंतांनी त्याला त्याच्या वीणेविषयीच विचारले. तारा फार ताणल्या तर ती नीट वाजते का? फार सैल सोडल्या तर? दोन्ही प्रश्नांना त्याचे उत्तर नकारार्थी होते. आम्ही ती कथा परीक्षेत लिहिली, गुणही मिळवले. पण योग्य ताण हा ताठ आणि सैल यांच्या मधला कुठलातरी ठरावीक बिंदू आहे, असाच माझा समज होता. अकराचा संच उतरवून दहाचा चढवला, तेव्हा कळले की तो बिंदू प्रत्येक तारेचा आणि प्रत्येक स्वराचा वेगळा असतो. स्वर बदलला की तो पुन्हा शोधावा लागतो. जुनीच तार सैल सोडून खाली येणे ही दुसऱ्यावर केलेली मेहेरबानी ठरते. आपली तार जाड करून खाली आले, तरच ती साथ होते.

एका संध्याकाळी गुरुकुंजातील प्रार्थना संपल्यावर मी ओसरीवर बसून जाड तार छेडली. काही बोललो नाही. ती गंभीर, ताठ घुमली. बाबा थोडा वेळ ऐकत राहिले. मग उठून त्यांनी खुंटीवरची खंजिरी काढली, कातड्यावर बोट मारून पाहिले. दमट हवेने ते उतरले होते. त्यांनी ते चुलीच्या धगीवर धरले, पुन्हा वाजवून पाहिले आणि माझ्या शेजारी येऊन बसले.

अंतऱ्याला आवाज फाटला नाही. वरच्या षड्जावर ते तरुणपणीसारखे थांबले नाहीत, स्पर्श करून परत आले. गाणे संपल्यावर म्हणाले, "आता बरोबर लागली."

गिटार की पट्टी, हे मी विचारले नाही.