मूळ प्रत पाहिली

बँकेत माझं निम्मं आयुष्य एकच वाक्य म्हणण्यात गेलं : "झेरॉक्स ठेवा, पण मूळ प्रत दाखवा." समोरचा माणूस कितीही सज्जन दिसो, मूळ कागद पाहिल्याशिवाय आमचा शिक्का काही उठत नाही. चित्रांच्या बाबतीत मात्र आपण सगळेच भलते उदार. मोनालिसा फक्त बिस्किटाच्या डब्यावर पाहिलेला गृहस्थसुद्धा 'गूढ हसते हो!' म्हणून छातीठोक सांगतो.

आता हातात दिवा घेतलेली ती बाई घ्या. मराठी घरांत ती कॅलेंडरवरून आली आणि बहुतेक ठिकाणी राजा रविवर्म्याच्या नावावर जमा झाली. आमच्या भाषेत, चुकीच्या खात्यात. रविवर्मा गेले १९०६ साली. हे चित्र १९४५-४६ चं. काढलं सावंतवाडीच्या सावळाराम लक्ष्मण हळदणकरांनी, स्वतःच्या मुलीला समोर उभी करून, तेही जलरंगांत. लोकांचाही दोष नाही म्हणा. १८९४ साली मुंबईत छापखाना काढून रविवर्म्यांनी देवादिकांना घरोघर पोचवलं; तेव्हापासून भिंतीवरचं बरं चित्र म्हणजे त्यांचंच, असा हिशेब बसून गेला.

मूळ चित्र म्हैसूरला, जगनमोहन राजवाड्यात. एल.टी.सी.वर गेलो तेव्हा टूरवाल्याने राजवाड्याला वीस मिनिटं दिली होती, साड्यांच्या दुकानाला दीड तास. चित्र अंधाऱ्या जागेत होतं. बाहेरच्या उन्हातून आत गेल्यावर आधी काहीच दिसेना. मग एकदम दिवाच दिसला. मागे बल्ब असणार, म्हणून आमच्यातले एक काका वाकून वाकून बघायला लागले. रखवालदाराला सवय असावी. तो नुसतं "चला, चला" म्हणाला.

मी बघत होतो ती बोटं. ज्योतीला आडोसा धरलेल्या हाताची. आमच्या घरच्या चित्रात ती टोमॅटोच्या रंगाची होती. छापखान्याला उजेड दाखवायचा म्हणजे लाल-पिवळं ओतायचं एवढंच ठाऊक. इथे उजेड बोटांच्या आतून येत होता. जलरंगात उजेड म्हणजे मुळात खालचा कागद. पातळ रंगातून तो वर येऊ द्यायचा. ब्रश एकदा जास्त फिरला की संपलं. खाडाखोड करून बाजूला सही ठोकायची सोय नाही.

लहानपणी वीज गेली की आई अशीच दिव्यावर हात धरून माजघरातून स्वयंपाकघरात जायची. तिचीही बोटं अशीच आतून तांबूस दिसत. ते फ्रेम केलेलं कॅलेंडर त्याच वाटेवर टांगलेलं होतं. ती रोज त्याच्याखालून जायची. पण त्या चित्रावरून मला ती कधी आठवली नाही. आई जाऊन आता अकरा वर्षं झाली.

"डोळ्यांत काय गेलं?" बायकोने विचारलं.

"उदबत्तीचा धूर."

तिथे उदबत्ती नव्हती. ती काही बोलली नाही, दंडाला धरून मला बाहेर घेऊन आली.

बाहेर एकजण त्याच चित्राची कार्डं विकत होता. बोटं लालभडक, जांभळ्या साडीचं पार वांग्याचं भरीत झालेलं. बायकोने दोन घेतली आणि घासाघीस करून तिसरं फुकट मिळवलं.