चार दलेर, एक पगार

सांगायला जरा संकोच वाटतो, पण आमचा सुवर्णकाळ खोक्यातून बाहेर आला. १९९५ साली अलिशा चिनॉयच्या ‘मेड इन इंडिया’त मिलिंद सोमण लाकडी खोक्यातून उभा राहिला आणि आमची आई तव्यावरची पोळी विसरली. “एवढा देखणा मुलगा, पण अंगात सदरा नाही,” इतकंच म्हणाली. पोळीचा कोळसा झाला होता.

त्या गाण्यांना सिनेमा नसे. पाच मिनिटांत ओळख, प्रेम, रुसवा, समेट, सगळा हिशेब मिटलेला! लकी अली ‘ओ सनम’साठी थेट इजिप्तला गेला. फाल्गुनी पाठक मात्र दुसऱ्यांचीच लफडी जुळवत हिंडायची, स्वतःसाठी काही मागायची नाही. (आमच्या युनियनचा सेक्रेटरीही सुरुवातीला असाच होता.)

पण गाणं हवं तेव्हा मिळायचं नाही. केबलवर लागेल तेव्हा बघायचं. मी बारावी कॉमर्सला. आतल्या खोलीत ताळेबंद जुळवत बसलेला, कान हॉलमध्ये, आणि रिमोट अण्णांच्या हातात! अण्णा सरकारी ऑडिटमध्ये. त्यांच्या मते हा सगळा शुद्ध थिल्लरपणा. १९९८ मध्ये ‘तुनक तुनक तुन’ आलं. कॉम्प्युटरने काढलेल्या डोंगर-वाळवंटांपुढे एकटा दलेर मेहंदी चार रंगांच्या पगड्या घालून चौघांसारखा नाचतो. अण्णांनी ते चष्मा पुसून पाहिलं.

“माणसं चार दाखवलीत, पगार एकाचाच पडला असणार. निर्माता हुशार आहे!”

त्यानंतर ते गाणं लागलं की हॉलमधून हाक यायची, “अरे, तुझे ते चौघे आलेत!” मी धावत पोचेपर्यंत पुष्कळदा साबणाची जाहिरात लागलेली असे. ताळेबंद माझा कधीच जुळला नाही. पुढे बँकेतच चिकटलो, ही गोष्ट वेगळी.

आता तेच गाणं मोबाइलवर केव्हाही लागतं. लावतो, आणि दीड मिनिटात पुढे ढकलतो.

अण्णा ब्याऐंशीचे झाले. हल्ली त्यांच्याकडे सालांची सरमिसळ होते. परवा त्यांच्या खाटेशी बसून मुद्दाम ते गाणं लावलं. बराच वेळ स्क्रीनकडे बघत राहिले आणि एकदम कडाडले, “बंद कर ते! उद्या बुक-कीपिंगचा पेपर ना तुझा?”

मी मोबाइल मुकाट्याने खिशात घातला. मग हळूच विचारलं, “आणि अण्णा, ते चौघे?”

“पेपर झाला की हाक मारतो,” अण्णा म्हणाले.