मागच्या तारखेचा भाव

बाजार समितीच्या रोजच्या तक्त्यात एका शेतमालाच्या ओळीत फार थोडं असतं. तारीख, प्रत, परिमाण, आवक आणि तीन दर: किमान, कमाल, सर्वसाधारण. अशा ओळी वर्षानुवर्षं साठत आल्या आहेत. त्या एआय एजंटला हव्या तेव्हा मागता याव्यात असं साधन बांधणं हे सध्या माझं काम. एजंट म्हणजे प्रश्न समजून घेऊन, लागेल ती माहिती स्वतः मागवून उत्तर तयार करणारा प्रोग्रॅम. निफाडकडचा शेतकरी मोबाइलवर विचारतो, ‘गेल्या पाच वर्षांत ऑक्टोबरात लासलगावला कांद्याला काय भाव होता?’ एजंट माझ्या साधनाकडे बाजार, शेतमाल आणि दोन तारखा पाठवतो, साधन आकडे परत करतं. काम एवढंच दिसतं. पण त्या उत्तरावर कुणीतरी कांदा साठवलेली चाळ फोडायची की थांबायचं हे ठरवणार असतं, म्हणून या कामात माझा जीव गुंतला आहे.

नावापासूनच सांभाळावं लागतं. राज्याच्या पणन मंडळाच्या तक्त्यात लासलगाव वेगळं, लासलगाव-निफाड वेगळं, लासलगाव-विंचूर वेगळं. बाजारात मुरलेला माणूस ‘कोणतं आवार?’ असं आधी विचारेल. एजंटला तो संकोच नसतो. हाती आलेली पहिली ओळ घेऊन तो पुढे निघतो, आणि उत्तर इतक्या ठाम भाषेत देतो की ऐकणाऱ्याला शंका येऊ नये. म्हणून आमचं साधन नाव संदिग्ध असेल तर भाव देतच नाही. जुळणारी सगळी आवारं पुढे ठेवतं आणि निवड करायला सांगतं.

खरी परीक्षा नोव्हेंबरात होते. एप्रिलच्या सुमारास काढून चाळीत भरलेला उन्हाळ कांदा तेव्हा संपत आलेला असतो आणि खरिपाचा नवा लाल कांदा बाजारात उतरू लागतो. एकाच आवारात, एकाच सकाळी दोन्हींचे लिलाव होतात. लाल कांद्यात पाणी जास्त, तो टिकत नाही. उन्हाळ वजनाला घटलेला, पण सुकून पक्का झालेला. व्यापारी ट्रॉलीतला वरचा थर सारून आतला माल हातात घेतो, दाबून बघतो, मग बोली लावतो. दोघांचे भाव वेगळे निघतात आणि तक्त्यात दोन ओळी येतात. प्रत न बघता त्यांची सरासरी काढली की आलेखावर असा चढउतार उमटतो, जो आवारात कुणी पाहिलेलाच नसतो. तोच प्रकार किमान दराचा. तो बहुतेक वेळा गोल्टीचा, म्हणजे बारीक कांद्याचा, किंवा भिजलेल्या मालाचा असतो. तेवढाच उचलून ‘भाव पडला’ म्हणणं हे चांगला माल घेऊन आलेल्या माणसावर अन्याय करणारं आहे. सर्वसाधारण दर म्हणजेही किमान आणि कमाल यांचा मध्य नव्हे. हे सगळं साधनाच्या वर्णनात साध्या वाक्यांत लिहावं लागतं, कारण एजंट ते वर्णन वाचूनच साधन वापरायला शिकतो. कोड लिहिण्यापेक्षा माझा जास्त वेळ या वाक्यांवर जातो, आणि तो तसाच जायला हवा असं माझं मत आहे.

आवकेचंही तसंच. एका बाजारात २०,००० क्विंटल माल १,५०० रुपयांनी गेला आणि दुसरीकडे २०० क्विंटल २,५०० रुपयांनी, तर साधी सरासरी २,००० येते. आवक धरून हिशेब केला तर जेमतेम १,५१० रुपये. म्हणून आवकेशिवाय भाव बाहेर पाठवायचा नाही, हा नियम मी कधी सैल केलेला नाही.

मागचे भाव वाचताना तारखांना फार महत्त्व येतं. १९ ऑगस्ट २०२३ रोजी केंद्राने कांद्यावर ४० टक्के निर्यातशुल्क लावलं. २० सप्टेंबरपासून नाशिकच्या व्यापाऱ्यांनी लिलाव बंद ठेवले. ८ डिसेंबरला निर्यातबंदीच आली, आणि ती ४ मे २०२४ रोजी उठली, तीही किमान निर्यातमूल्य आणि शुल्क लावून. अशा घटनांची नोंद शेजारी नसेल तर डिसेंबरातली घसरण एजंट खुशाल नव्या मालाच्या आवकेवर ढकलतो. उलट, एजंटला ‘नोव्हेंबर २०२३ मध्ये तू काय सल्ला दिला असतास?’ असं विचारून तपासायचं असेल, तर त्याला ८ डिसेंबरची खबर लागताच कामा नये. म्हणून प्रत्येक मागणीत ‘अमुक दिवसापर्यंत जे ठाऊक होतं तेवढंच’ अशी मर्यादा घालण्याची सोय ठेवली आहे. पुढचं माहीत असलेल्या शहाणपणावर शेतकऱ्याने पैज लावू नये, एवढी काळजी साधन बांधणाऱ्याने घेतलीच पाहिजे.

राहता राहिले रिकामे दिवस. रविवार, कुठे अमावस्या, सण, संप, टाळेबंदी. कारण काहीही असो, तक्त्यात त्या दिवसाची ओळच नसते. काही प्रोग्रॅम तिथे शून्य भरतात, काही आदल्या दिवसाचा भाव पुढे ओढतात. मला दोन्ही मान्य नाहीत. लिलाव झाला नाही त्या दिवशी भाव नव्हता, आणि साधनाने तसंच सांगायला हवं. अडचण ही की ओळ नाही म्हणजे लिलाव बंद होता की नोंद करायची राहिली, हे नुसत्या तक्त्यावरून कळत नाही. ते शोधायला जुनी वर्तमानपत्रं चाळावी लागतात.

म्हणून बाजार समित्यांच्या सचिवांना एक विनंती आहे. ज्या दिवशी लिलाव होणार नाही त्या दिवशीही एक ओळ भरा: तारीख, ‘लिलाव बंद’ आणि कारण. दोन मिनिटांचं काम आहे, आणि ते त्याच दिवशी आवारात हजर असलेला माणूसच करू शकतो.