जतला गाडी बघायला गेलो तेव्हा

माझा धाकटा भाऊ अकरा वर्षे रियाधमध्ये एका घरी ड्रायव्हर होता. मोठमोठ्या एसयूव्ही त्याने चालवल्या, धुतल्या, पुसल्या. त्यातली एकही त्याची नव्हती. तो कायमचा मिरजेला परत आला आणि काही महिन्यांतच गाडीचा विषय काढू लागला. अब्बांचे गुडघे दुखतात, लहान गाडीत बसता-उतरता येत नाही, हे त्याचे सांगायचे कारण. खरे कारण घरात सगळ्यांना कळत होते, पण कुणी बोलून दाखवत नव्हते.

एका रात्री त्याने मोबाइल माझ्यासमोर धरला. परदेशी कंपनीची आलिशान एसयूव्ही, ‘२०१४ मॉडेल’, आणि भाव नव्या छोट्या गाडीएवढा. गाडी जतला होती. “भाईजान, एवढ्या पैशात अशी गाडी पुन्हा मिळायची नाही,” तो म्हणाला. ते पैसे म्हणजे त्याची जवळजवळ सगळी शिल्लक. त्यात माझ्या पुतणीच्या पुढच्या शिक्षणाचा हिस्साही होता. मी नाही म्हणालो नाही. एवढेच म्हणालो, “बघायला जाऊ, पण चाचांना बरोबर घेऊन.”

चाचा म्हणजे आमच्या मोहल्ल्यातले जुने मिस्त्री. हयात गॅरेजमध्ये गेली. रविवारी फजरनंतर आम्ही तिघे माझ्या जुन्या गाडीतून निघालो.

मिरज सोडली की कवठे महांकाळपर्यंत द्राक्षबागा सोबत करतात. पुढे डफळापूरकडे वळले की रान हळूहळू उघडे पडत जाते. बाभळी, माळ, मधूनच डाळिंबाची बाग, शेततळ्याचे निळे प्लास्टिक. जत हा सांगली जिल्ह्याचा पूर्वेकडचा दुष्काळी तालुका. म्हैसाळ योजनेच्या पाण्याची वाट बघण्यात इथल्या लोकांची वर्षे गेली. जतचे डफळे घराणे मूळचे डफळापूरचे. ते आदिलशाहीतले सरदार. १९४८ साली विलीन होईपर्यंत जत हे त्यांचे संस्थान होते. गुहागर–विजापूर रस्ता गावातून जातो, म्हणून इथल्या बाजारात मराठीइतकेच कानडी कानावर पडते आणि एमएच-१० च्या शेजारी केए-२८ पाटीच्या गाड्या उभ्या दिसतात.

वाटेत भाऊ म्हणाला, “चाचा, २०१४ म्हणजे फार जुनी नाही ना?”

चाचा म्हणाले, “बेटा, साल नुसता आकडा नसतो. त्या साली कंपनीने गाडीत काय घातलं होतं, ते बघायचं.”

मग त्यांनी आमच्या भागात सगळ्यांच्या माहितीची उदाहरणे दिली. टोयोटाची फॉर्च्युनर भारतात आली २००९ साली, तीन लिटरच्या डिझेल इंजिनची. २०१२ मध्ये तिचा चेहरा बदलला आणि ऑटोमॅटिक गिअरही आला. नोव्हेंबर २०१६ मध्ये गाडीच नवी आली, डिझेल इंजिन २.८ लिटरचे झाले. म्हणजे २०१६ ची फॉर्च्युनर म्हटल्यावर ‘कुठल्या महिन्याची?’ हे विचारावेच लागते, कारण त्या एका सालात दोन वेगळ्या गाड्या आहेत. फोर्डची एन्डेव्हर २०१६ च्या सुरुवातीला नव्या रूपात आली, २.२ आणि ३.२ लिटरच्या इंजिनांसह. २०२० मध्ये ती दोन्ही जाऊन दोन लिटरचे इंजिन आणि दहा गिअरचा ऑटोमॅटिक आला. सप्टेंबर २०२१ मध्ये फोर्डने भारतातले उत्पादन थांबवत असल्याचे जाहीर केले. गाडी चांगली असली तरी पार्ट कुठून येणार आणि किती दिवसांत, हे घेण्याआधीच विचारायला हवे.

“नवी गाडी बाजारात आली की पहिल्या वर्षीची घेऊ नये,” चाचा म्हणाले. “पहिल्या वर्षी खोडी कळतात. कंपनी त्या दुरुस्त करत जाते. तेच मॉडेल बंद व्हायच्या आधीची दोन-तीन वर्षं बहुतेक वेळा शहाणी असतात.”

डिझेल गाडीत आणखी एक रेघ ओढावी लागते. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ आले. त्यानंतरच्या डिझेल गाड्यांच्या धुराच्या नळीत काजळी अडवणारी गाळणी असते. गाडी लांब पल्ल्याला पळत असेल तर ती काजळी आतल्या आत जळते. रोज नुसती घर ते शाळा, शाळा ते बाजार एवढीच फिरली तर गाळणी तुंबते आणि खर्च मोठा येतो. स्वस्त दिसणाऱ्या जुन्या डिझेल गाड्यांचेही एक कारण असते. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिल्ली परिसरात दहा वर्षांपुढच्या डिझेल गाड्या चालवायला मनाई केली. त्यानंतर मुदत संपत आलेली तिथली गाडी इतर राज्यांत विकायला निघाली, की तिचा भाव पडलेला असे.

जतमध्ये शिरताना चाचांनी यल्लम्मादेवीच्या यात्रेची आठवण काढली. डिसेंबरच्या सुमारास ही यात्रा भरते आणि खिलार जनावरांचा मोठा बाजार लागतो. त्यांचे वडील तिथे बैलांच्या व्यवहारात असत. गिऱ्हाईक आधी बैलाचे तोंड उघडून बघते. दुधाचे दात असले तर आदत, दोन पक्के दात आले की दुसा, चार आले की चौसा, मग सहादाती. आठ दात पुरे झाले की बैल जुळला. तिथपर्यंत दात वय सांगतात. पुढे मात्र झीज बघावी लागते. खांद्यावर जुवाचे वळ आहेत का, खूर कसे आहेत, चालताना पाय ओढतो का.

“गाडीचं तेच आहे,” चाचा म्हणाले. “पाच-सात वर्षांपर्यंत मॉडेल बोलतं. त्यापुढे खांदा बघायचा.”

गाडी विजापूर रस्त्याच्या कडेला पत्र्याच्या शेडमध्ये उभी होती. काळी, चकचकीत. भाऊ तिच्याभोवती एक फेरी मारून आला आणि नकळत खिशातला रुमाल काढून आरशावरची धूळ पुसू लागला. मला बघवेना.

जुन्या गाड्यांचा व्यवहार करणाऱ्या त्या गृहस्थांनी चहा मागवला, अदबीने बोलले. चाचांनी चहा बाजूला ठेवून आधी बॉनेटवर हात ठेवला. गरम होते. सकाळी चालू करून ठेवलेले इंजिन लगेच सुरू होते. थंड इंजिन सुरू होताना किती धूर सोडते आणि कसा आवाज करते, ते त्यामुळे लपते. मग त्यांनी आरसी मागितली. नोंदणी सांगलीची, जानेवारी २०१४. पण गाडी बनल्याचा महिना होता फेब्रुवारी २०१३. जाहिरातीतले ‘२०१४ मॉडेल’ अकरा महिन्यांनी म्हातारे निघाले. यात बेकायदा काही नाही, कित्येक गाड्या शोरूममध्ये उभ्या राहतात. पण भाव बनल्याच्या तारखेवर ठरायला हवा.

टायरवरचे चार आकडे त्यांनी मला वाचायला लावले. पहिले दोन आठवड्याचे, शेवटचे दोन सालाचे. ३२१८ म्हणजे २०१८ चा बत्तिसावा आठवडा. मीटरवर जेमतेम चाळीस हजार किलोमीटर दिसत होते, पण ब्रेकच्या पेडलचे रबर गुळगुळीत झाले होते. “इंजिन किलोमीटरनं झिजतं, रबर वर्षांनी मरतं,” चाचा म्हणाले. अशा आलिशान गाड्यांत स्प्रिंगऐवजी हवेच्या रबरी पिशव्या असतात. वर्षे झाली की त्यांना चिरा पडतात आणि गाडी उभ्या जागी एका अंगाला बसते. आणि गाडी जुनी झाली म्हणून तिचे पार्ट जुन्या भावात मिळत नाहीत. गाडी पाव किमतीत मिळाली तरी दुरुस्तीचे बिल पूर्ण किमतीच्या गाडीचेच येते.

शेवटी चाचांनी मागच्या सीटचा पट्टा धरला आणि संपेपर्यंत ओढला. एरवी आत गुंडाळलेला राहतो त्या भागावर एक आडवी तपकिरी रेघ होती. त्यांनी ती नखाने खरवडली, चिमटीत चोळली आणि भावाच्या तळहातावर ठेवली. मऊ, पिठासारखी माती. जतची धूळ खरखरीत असते. हा नदीचा गाळ होता.

कुणाला काही सांगावे लागले नाही. ऑगस्ट २०१९ चा आणि जुलै २०२१ चा कृष्णेचा महापूर आम्ही सांगली-मिरजेच्या लोकांनी डोळ्यांनी पाहिला आहे. पाण्यात बसलेली गाडी धुऊन, सुकवून पुन्हा चालू करता येते. पण आलिशान गाडीत सीटखाली, फरशीखाली कितीतरी इलेक्ट्रॉनिक पेट्या असतात. त्यांच्या जोडांवर गंज हळूहळू चढतो. आज दिवे लागतात, दोन वर्षांनी एअरबॅगचा इशारा पेटतो.

ते गृहस्थ थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, “सर, मलाही सांगितलं नव्हतं हो. माझे पैसे अडकलेत.”

त्यांचा चेहरा खोटा वाटला नाही. मदीनेच्या बाजारात धान्याच्या ढिगात हात घातल्यावर बोटांना ओल लागली, तेव्हा प्रेषितांनी (स.) विक्रेत्याला विचारले होते की, ओले धान्य लोकांना दिसेल असे वर का ठेवले नाही. हा प्रसंग मी वर्गात कितीदा सांगितला असेल. त्या दिवशी समोरचा माणूस लबाड नव्हता, अडकलेला होता. त्यालाही ओल झाकायचा मोह होता. मी एवढेच म्हणालो, “पुढच्याला पट्टा ओढून दाखवा. कमी भावात जाईल, पण जाईल.” ते काही बोलले नाहीत.

जुहरची नमाज जतमध्येच पढलो. परतीच्या वाटेवर भाऊ गाडी चालवत होता. डफळापूर मागे पडले तेव्हा म्हणाला, “भाईजान, अकरा वर्षं दुसऱ्याची गाडी पुसली. एकदा तरी आपली पुसायची होती.”

मला उत्तर सुचले नाही. चाचा मागून म्हणाले, “पुसशील बेटा. आधी पट्टा ओढायला शीक.”

तो शिकला. आता मित्रांच्या गाड्या बघायलाही जातो. आरसीवरचा बनल्याचा महिना, कर्जाचा बोजा, विम्याचे जुने क्लेम, अधिकृत वर्कशॉपमधल्या सर्व्हिसच्या नोंदी, थंड इंजिन, टायरचे आकडे आणि सीटचा पट्टा, हे बघितल्याशिवाय बयाणा देऊ देत नाही. परराज्यातली गाडी असेल तर एनओसी आणि इथला कर धरूनच भाव काढतो. पंधरा वर्षांनी नोंदणी पुन्हा करावी लागते, हेही हिशेबात घेतो.

गेल्या वर्षी त्याने स्वतःसाठी एक साधी सात सीटची गाडी घेतली. २०१८ ची, एका हातची, सर्व्हिसच्या सगळ्या पावत्या असलेली. पुतणीची फी बाजूला काढून उरलेल्या पैशात ती बसली. अब्बा दाराची मूठ धरून आरामात चढतात. दर जुम्याला सकाळी भाऊ ती धुतो आणि पुसायला मात्र कुणालाही हात लावू देत नाही.