एक पाटा कमी

गेले पंधरा दिवस इथे काही लिहिलं नाही म्हणून पुण्याच्या भाचीने फोन केला. "मामा, तब्येत बरी आहे ना?" म्हटलं, तब्येत उत्तम, स्प्रिंगा शोधतोय! जन्मभर मराठी आणि इतिहास शिकवलेला माणूस सत्तरीनंतर गाडीच्या स्प्रिंगा शोधतोय म्हणून ती खूप हसली. हसू दे. पण मंडळी, या पंधरा दिवसांत मी जे शिकलो ते बी.ए.च्या तीन वर्षांत कुणी शिकवलं नव्हतं.

गाडी आमच्या दादाची. प्रीमियर पद्मिनी. १९८६ साली त्याने ती मुंबईत सेकंड हँड घेतली, कारण नव्या गाडीसाठी वर्षानुवर्षं नंबर लागत नसे. कुर्ल्याच्या कारखान्यात इटलीच्या फियाटच्या परवान्यावर ती बने, म्हणून कागदावर पद्मिनी असली तरी आमच्या घरात ती 'फियाट'च. आता ही गाडी तयार होणं बंद होऊनही वीसेक वर्षं उलटली. मुंबईतली शेवटची काळी-पिवळी पद्मिनी टॅक्सी वीस वर्षांची मुदत संपून ऑक्टोबर २०२३ अखेर रस्त्यावरून गेली. मेढ्यात आमची निघाली की पोरं मोबाईलवर फोटो काढतात.

दादा २०१९ साली गेला. तेव्हापासून गाडी पडवीत. पुतण्या आठवड्यातून एकदा चालू करून बंद करतो, एवढंच. यंदा वहिनींच्या पाठीच्या मणक्याचं एक हाड दबलं. डॉक्टरांनी धक्के टाळायला सांगितलं. आणि वहिनींच्या मनात कुसुंबीच्या काळूबाईला जायचं होतं. पुतण्याची नवी गाडी उंच, तिच्यात चढताना त्यांना कळ येते. एका संध्याकाळी चहा देता देता म्हणाल्या, "भाऊजी, ह्यांच्या गाडीतनं नेता का एकदा?"

आता नाही कसं म्हणणार? निघालो. पहिल्याच गतिरोधकावर मागून असा दणका बसला की वहिनींनी डोळे मिटून घेतले. बोलल्या काहीच नाहीत. पुतण्याने तिथूनच गाडी वळवली.

गॅरेजवाला माझा जुना विद्यार्थी. त्याने गाडी सपाट जागी घेतली, चारी टायरांत सारखी हवा भरली आणि प्रत्येक चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंत टेप लावला. पुढची डावी बाजू उजवीपेक्षा चांगली दीड सेंटिमीटर खाली. मागची बाजू मात्र ताठ, उंच. या गाडीला पुढे गोल स्प्रिंगा आणि मागे ट्रकसारखे पाटे असतात. म्हणजे दोन वेगळे रोग होते.

"सर, पुढं जाड तारेच्या टाकू. दुसऱ्या गाडीच्या मिळत्यात. दहा वर्षं बघायला नको," तो म्हणाला. पुतण्याला ते पटलं. रस्ते खराब, गाडी उंच झालेली बरी! दुसऱ्या एकाने वेढ्यांमध्ये रबर घालायला सांगितलं, तिसऱ्याने भंगारातून पद्मिनीच्याच स्प्रिंगा आणायला.

मी रात्री आमच्या शाळेतल्या विज्ञानाच्या सरांना फोन लावला. तेही माझ्यासारखेच निवृत्त. प्रयोगशाळेत हुकचा नियम शिकवताना स्प्रिंगला वजनं लटकवायचे ते. त्यांनी शांतपणे समजावलं. स्प्रिंगचा कडकपणा तारेच्या जाडीच्या चौथ्या घाताने वाढतो. १२ मिलिमीटरच्या जागी १३ ची तार घेतली, तर दिसायला फरक एका मिलिमीटरचा, पण स्प्रिंग जवळजवळ ३८ टक्के कडक! (मी कागदावर गुणाकार करून पाहिला. बरोबर आहे.) वेढे जितके कमी तितकी ती कडक. म्हणून स्प्रिंग कापली तर गाडी खाली बसते आणि वर कडकही होते. वेढ्यांत रबर घातलं की तेवढे वेढे काम करत नाहीत, सगळा भार उरलेल्यांवर. तापवून ताणली तर पोलादाचं पाणीच उतरतं. भंगारातली तर आपल्याच स्प्रिंगेइतकी थकलेली असणार.

आणि मग त्यांनी एक गोष्ट सांगितली, ती मला फार आवडली. थकलेली स्प्रिंग बहुतेक वेळा मऊ होत नाही, ती फक्त बुटकी होते. तिची लवचीकता तीच राहते, उंची तेवढी जाते. म्हणजे आपल्याला हवी होती ती तीच स्प्रिंग, फक्त तरुण. जास्त कडक नव्हेच.

पुढे त्यांनी विचारलं, "गाडीत बसणार किती जण?"

मी एकदम गप्प झालो. मागचे पाटे ताठ का, ते मला तेव्हा आठवलं. १९९१ साली दादाने मागे एकेक पाटा वाढवून घेतला होता. दिवाळी झाली की मुंबईला परत जाताना आम्ही आठ जण, शिवाय तांदळाची पोती, गुळाची ढेप, आईची लोणच्याची बरणी. गाडी मागे जमिनीला टेकायची. त्या आठांतले आज चार उरलेत, त्यातली एक दूर परदेशात. मी म्हटलं, "तीन जण. पुतण्या, वहिनी आणि मी."

"मग आठ जणांच्या स्प्रिंगा कशाला?" सर म्हणाले.

पुढच्या स्प्रिंगा शेवटी कोल्हापुरात एका जुन्या दुकानाच्या माळ्यावर कागदात गुंडाळलेल्या मिळाल्या. जोडीच घेतली. एकच बदलली तर गाडी पुन्हा तिरकीच. व्हर्नियर लावून तारेची जाडी, वेढे, व्यास जुन्याशी पडताळले. सगळं तेच, फक्त उंची जास्त. दाबलेली स्प्रिंग निसटली तर माणसाचा जीव घेऊ शकते, म्हणून ते काम गॅरेजवाल्याने शिकंजा लावून एकट्याने केलं, आम्हाला लांब उभं केलं. शॉकअपही नवे घातले, नाहीतर गाडी नाचतच राहते. मागे वाढवलेला पाटा काढला, बाकीच्यांचा गंज घासून ग्रीस भरलं, साताऱ्याहून त्यांना बाक देऊन आणला. आणि बुशांचे बोल्ट गाडी चाकांवर उभी राहिल्यावरच आवळले. लटकत्या गाडीत आवळले तर रबर पिळलेलं राहतं म्हणे.

मागच्या मंगळवारी कुसुंबीला जाऊन आलो. त्याच गतिरोधकाशी मी आरशातून वहिनींकडे पाहत होतो. गाडी पुढून वाकली, मागून वाकली आणि सावरली. वहिनींचे डोळे उघडे होते. थोड्या वेळाने म्हणाल्या, "हे इतकं हळू कधी नेत नसत." पुतण्या हसला, आणि मग कुणीच काही बोललं नाही.

वळणावर गाडी आता थोडी कलते, हे खरं. पुतण्याची त्यावर कुरकुर आहे. आणि पाहुण्यांनो, सुट्टीत आलात तर सगळे एका खेपेत जाणार नाही, दोन खेपा कराव्या लागतील. करू.

काढलेले दोन पाटे पडवीत पडले होते. पाट्याचं पोलाद उत्तम, लोहार त्याचे कोयते करतात. पुतण्या म्हणाला, देऊन टाकू. वहिनी म्हणाल्या, "एक दे. दुसरा राहू दे इथंच."

असो. कुणाकडे पद्मिनीच्या पुढच्या दाराच्या काचेचं रबर असेल तर कळवा. पावसाळा तोंडावर आला आहे.